‘उर्दू’च्या नोंदीत आणखी चार ओळी हव्यात

प्रति,
मराठी शब्दकोशांचे संपादक व संपादक मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. सत्तावीस वर्षे दुसऱ्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ पाहतो आहे. आमच्या कामात मजकुरावर मत द्यायची रीत नाही. खटकले तर समासात प्रश्नचिन्ह काढायचे, पुढचे संपादक पाहतात. मागच्या वर्षी विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या एका कोशाची प्रुफे माझ्याकडे आली. ‘उ’च्या पानावर ही नोंद होती : ‘उर्दू (स्त्री.) [फा.] लष्करी छावणीत जन्मलेली मुसलमानांची भाषा.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरीही मी समासात प्रश्नचिन्ह काढले आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले, ‘मूळ तुर्की. अर्थ तपासावा.’ दुसरी प्रुफे आली तेव्हा नोंद जशीच्या तशी होती. फोन केला. एका ओळीची नोंद आहे, एका ओळीतच बसवायची आहे, आणि सगळीकडे असेच लिहितात, असे उत्तर मिळाले.

हे शेवटचे म्हणणे खरे आहे. भाषणात, वर्तमानपत्रात, शाळेच्या फळ्यावर सगळीकडे हेच वाक्य भेटते. म्हणून हे पत्र त्या एका कोशाच्या नावे न लिहिता आपणा सर्वांना लिहितो आहे. त्या एका ओळीत हा शब्द ज्या कुळातला आहे त्याचे नाव नाही, त्याचा पहिला अर्थ नाही, आणि भाषेबद्दल जे सांगितले आहे ते टिकत नाही. समासात मावले नाही ते सविस्तर लिहितो. आपण वाचाल असा भरवसा आहे, कारण शब्दाच्या मुळाशी जाण्याची ओढ नसती तर आपण या कामात पडलाच नसता.

या शब्दाचा आपल्या हाती लागलेला एक अत्यंत जुना लेखी पुरावा दगडावर आहे. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात तीन मीटरहून उंच अशी एक शिळा उभी आहे. तुर्कांचा राजा बिल्गे कागान याने आपला धाकटा भाऊ क्यूल तेगिन याच्या स्मरणार्थ ती इ. स. ७३२ मध्ये उभी केली. एका बाजूला चिनी मजकूर आहे, बाकीच्या बाजूंवर जुन्या तुर्की लिपीतली अक्षरे आहेत. मजकूर यॉलुग तेगिन नावाच्या राजघराण्यातल्या माणसाने लिहिला, हेही दगडावरच नोंदलेले आहे. पुढे शेकडो वर्षे ही अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. १८८९ मध्ये रशियन प्रवासी निकोलाय याद्रिन्त्सेव तिथे पोहोचला आणि १८९३ च्या डिसेंबरात डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेनने लिपीचा उलगडा झाल्याचे जाहीर केले. अक्षरांशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला त्या डिसेंबरची कल्पना करूनही भरून येते.

तर त्या शिळेवर बिल्गे कागान भावाच्या लढाया एकेक करून सांगतो. शेवटाकडे तो म्हणतो की, ओगुझ या तुर्की टोळ्यांचा शत्रू ‘ओर्दू’वर चालून आला. क्यूल तेगिन आपल्या पांढऱ्या घोड्यावर बसला, नऊ जणांना भाल्याने भोसकले, आणि ‘ओर्दू दिली नाही’. लगेच पुढे तो ओर्दूत कोण होते ते सांगतो. माझी आई कातून, म्हणजे राणी, माझ्या इतर आया, थोरल्या बहिणी, सुना, राजकन्या. यांतल्या जगल्या त्या दासी झाल्या असत्या, मेल्या त्या मोडलेल्या तळावर, वाटेवर पडून राहिल्या असत्या. क्यूल तेगिन नसता तर तुम्ही सगळ्याच मेल्या असता.

संपादकहो, ‘लष्करी छावणी’ या दोन शब्दांत हे बसते का? त्या ओर्दूत राजाची आई राहते, सासुरवाशिणी राहतात. तिथे घर आहे, आणि घर आहे म्हणूनच ती जिवावर उदार होऊन राखायची आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला लागू नये. पानिपताच्या वाटेवर भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते, बुणगे होते. तळ मोडला तेव्हा त्यांचे काय झाले हे आपल्याकडे अजून घरात बोलताना आवाज उतरवून सांगतात. बिल्गे कागानाच्या त्या चार ओळी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला पानिपतच आठवले.

जुन्या तुर्की कोशकारांनीही या शब्दाचा अर्थ असाच दिला आहे. अकराव्या शतकात महमूद अल-काशगरी या विद्वानाने बगदादेत बसून तुर्की शब्दांचा अरबीत अर्थ देणारा मोठा कोश रचला. १०७२ च्या सुमारास त्याने काम सुरू केले. ‘ओर्दू’पुढे तो लिहितो, राजाचे राहण्याचे गाव. काशगर शहराला ‘ओर्दू केंद’ म्हणतात ते यामुळेच, असेही तो सांगतो. बलासागुन या शहराचे ‘कुझ ओर्दू’ हे नावही त्याने नोंदवले आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या कोशकाराने नोंद देताना मूळ अर्थ दिला, त्यावरून पडलेली गावांची नावे दिली. आपल्यापुढे त्याचा कित्ता आहे. त्या कोशाची हाताने उतरवलेली एकच प्रत जगात उरली आहे, १२६६ मध्ये नकललेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्तंबूलच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती अली एमिरी नावाच्या ग्रंथवेड्याच्या हाती लागली नसती, तर या शब्दाचे अर्धे चरित्र आपल्याला कळलेच नसते.

काशगरीच्याही आधी, आठव्या शतकात उइगुर तुर्कांनी त्याच ओर्खोनच्या खोऱ्यात ओर्दू-बालिक नावाची राजधानी वसवली होती. ‘बालिक’ म्हणजे शहर. तिला तटबंदी होती, बाजार होते, आणि तमीम इब्न बहर नावाचा प्रवासी तिथे गेला तेव्हा वाड्याच्या माथ्यावर उभारलेला राजाचा सोनेरी तंबू त्याला कित्येक कोसांवरून दिसला. ८४० मध्ये किरगिझांनी ती राजधानी उद्ध्वस्त केली. वाड्याच्या माथ्यावर तंबू! घर पक्के बांधले तरी राजा राहतो ती जागा तंबूचीच, ही भटक्या लोकांची समजूत त्या एका दृश्यात दिसते.

पुढे हा शब्द मंगोलांकडे ‘ओर्दो’ होऊन गेला. चंगीझखानाच्या चार मोठ्या ओर्दो होत्या, आणि प्रत्येकीची मुख्य त्याची एकेक राणी होती : बोर्ते, कुलान, येसुई, येसुगेन. तंबू, गाड्या, गुरे, नोकरमाणसे, मुले, सगळ्यांचा कारभार तीच पाही. ओर्दू म्हणजे बाईच्या हातातला एक प्रचंड संसार, हा अर्थ आपल्या एकाही कोशात मला सापडलेला नाही. आजच्या चीनच्या अंतर्गत मंगोलियात ‘ऑर्डोस’ नावाचा प्रदेश आहे. ते नाव म्हणजे ओर्दोचे अनेकवचन. आजच्या मंगोल भाषेत ‘ओर्दोन’ म्हणजे राजवाडा.

१२५३ मध्ये रुब्रुकचा विल्यम नावाचा ख्रिस्ती साधू व्होल्गाकाठी चंगीझखानाचा नातू बातूखान याच्या तळावर पोहोचला. समोर पसरलेले ते तंबूंचे शहर पाहून तो घाबरला. त्याने लिहून ठेवले आहे की या लोकांच्या भाषेत दरबाराला ‘ओर्दा’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘मध्य’, कारण राजाचा तंबू नेहमी आपल्या माणसांच्या मधोमध असतो. फक्त दक्षिणेला समोर कोणी तंबू लावत नाही, कारण राजाच्या घराची दारे त्या दिशेला उघडतात. ‘मध्य’ ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो न पटो, तिथल्या माणसांनी आपल्या शब्दाचा अर्थ एका पाहुण्याला असा समजावून सांगितला, हे मला फार मोलाचे वाटते. मारायला निघालेली टोळी असा अर्थ त्यांनी सांगितला नाही.

त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी इब्न बतूता उझबेगखानाच्या ओर्दूत गेला. पुढे दौलताबादेला येऊन मराठ्यांविषयी लिहिणारा तोच हा प्रवासी. डोंगराच्या पायथ्याशी उतरलेला असताना त्याला ती येताना दिसली. तो म्हणतो, माणसांसकट चालत येणारे एक अफाट शहर आम्ही पाहिले. त्यात मशिदी होत्या, बाजार होते, आणि चालत्या गाड्यांमधल्या चुलींचा धूर आकाशात चढत होता. हे लोक याला ‘उर्दू’ म्हणतात, असे त्याने नोंदवले आहे. आषाढात पालखीचा तळ ज्याने पाहिला आहे, रात्रीतून उभे राहिलेले तंबू, दिंड्यांच्या स्वयंपाकाचा धूर, ट्रकमागे ट्रक, आणि पहाटे सगळे पुन्हा वाटेला लागलेले, त्याला इब्न बतूताचे हे वाक्य परके वाटणार नाही.

मग या शब्दाला ‘टोळधाड’ हा अर्थ कुठून चिकटला? तो चिकटला बाहेरून पाहणाऱ्यांच्या तोंडी. रशियातल्या संस्थानांनी अडीचशे वर्षे बातूखानाच्या राज्याला, म्हणजे ओर्दाला, खंडणी भरली. १४८० मध्ये उग्रा नदीच्या काठी मॉस्कोच्या आणि ओर्दाच्या फौजा आमनेसामने उभ्या राहून परत फिरल्या, आणि त्यानंतर मॉस्कोवरचे ते ओझे संपले असे मानतात. रशियन भाषेत ‘ओर्दा’ राहिले ते खंडणी, जाळपोळ आणि पळवून नेलेल्या माणसांच्या आठवणीसकट. ‘सोनेरी ओर्दा’ हे आज जगभर चाललेले नावही त्या राज्याच्या लोकांनी स्वतःला दिलेले नव्हे. ते सोळाव्या शतकातल्या रशियन लिखाणातून रूढ झाले. क्रिमियाच्या तातारांच्या घोडदौडी सोसणाऱ्या पोलंडात शब्दाला आरंभी एक ‘ह’ चिकटला आणि ‘होर्दा’ झाला. तोच पुढे जर्मन, फ्रेंच करत सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘होर्ड’ म्हणून पोहोचला, आणि तिथे त्याचा अर्थ उरला रानटी माणसांचा लोंढा. ज्यांच्या दारात ती ओर्दा आली त्यांनी जे भोगले ते खोटे नाही. तो अर्थ कोशात यावाच. पण तो सोसणाऱ्यांनी दिलेला अर्थ आहे, शब्दाचा जन्मार्थ नव्हे, एवढे सांगायला कोशात जागा असावी.

कारण त्याच शब्दाने दुसरीकडे वेगळीच नावे कमावली. कझाकस्तानात राष्ट्राध्यक्षांच्या निवासाचे नाव ‘अकोर्दा’ आहे, पांढरी ओर्दा. १९२५ मध्ये कझाकांनी आपल्या तेव्हाच्या राजधानीला ‘किझिलोर्दा’ हे नाव दिले, लाल ओर्दा. किरगिझ लोक ‘ओर्दो’ नावाचा खेळ खेळतात. मोठ्या वर्तुळात मेंढीच्या घोट्याची हाडे मांडायची, मधले हाड म्हणजे खान, आणि कडेवरून नेम धरून ती बाहेर उडवायची. ओर्खोनच्या शिळेवरची लढाई तिथे मुलांच्या मैदानात उतरली आहे. तुर्कस्तानात मात्र ‘ओर्दू’चा अर्थ सैन्य असा स्थिर झाला. काळ्या समुद्राकाठी त्यांच्या एका शहराचे नावही ओर्दू आहे. इराणच्या फारसीत आज ‘उर्दू’ म्हणजे विद्यार्थ्यांची सहल किंवा शिबिर, आणि ‘उर्दूगाह’ म्हणजे छावणी.

आपल्याकडेही राहण्याच्या जागा आणि फौजा यांचे शब्द असेच एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘लष्कर’ हा सैन्याचा शब्द, पण पुण्यात ‘लष्करात राहतो’ म्हणणारा माणूस सैनिक नसतो, त्याचे घर त्या भागात असते. ‘छावणी’ सैन्याची, पण दुष्काळात जनावरांसाठी उघडते तीही छावणीच. आणि ‘गोट’! सरदाराचा तळ म्हणजे गोट. आज तळ उठला तरी ‘आतल्या गोटातली बातमी’ रोज वर्तमानपत्रात येते. मला विचाराल तर ‘ओर्दू’ला मराठीत गोट हाच सर्वांत जवळचा शब्द आहे. मालकाचा तंबू मधोमध, आपली माणसे भोवती, आणि आतले-बाहेरले असा भेद. रुब्रुकच्या साधूने सांगितलेला ‘मध्य’ हा अर्थ आपल्या गोटात जसाच्या तसा आहे.

आता हा शब्द हिंदुस्थानात कसा आला ते पाहू. तैमूरच्या वंशजांबरोबर तो आला. बाबराची घरातली भाषा चगताई तुर्की होती आणि आपल्या आत्मचरित्रात तो छावणीला ओर्दूच म्हणतो. पुढे मोगलांच्या फारसीत ‘उर्दू’ म्हणजे बादशहा जिथे उतरला आहे ती जागा. टांकसाळही बरोबर चाले. अकबराच्या काही नाण्यांवर टांकसाळीचे नाव ‘उर्दू जफर करीन’ आहे, विजय जिच्या सोबतीला आहे अशी छावणी. जहांगीरच्या काही दुर्मिळ नाण्यांवर तर ‘उर्दू दर राह-ए-दख्खन’ असे आहे. दख्खनच्या वाटेवरची छावणी! आपल्या मुलखाकडे निघालेल्या रस्त्यात पाडलेले नाणे, आणि त्यावर हा शब्द. जनानखान्याच्या रखवालीला शस्त्रधारी बायका असत, त्यांना ‘उर्दूबेगी’ म्हणत. ओर्दूतल्या बायकांची राखण करणारा क्यूल तेगिन मला इथे पुन्हा दिसतो, फक्त इथे राखणाऱ्याही बायकाच आहेत.

आणि दख्खनच्या वाटेवरची ही उर्दू पुढे खरोखर दख्खनमध्ये येऊन बसली. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला तो १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत परत गेला नाही. १६९५ पासून सुमारे चार वर्षे त्याचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या मंगळवेढा तालुक्यात होता. माचणूरला सिद्धेश्वराच्या देवळाजवळ त्याच्या किल्ल्याचे अवशेष आजही आहेत. मराठ्यांनी त्या उर्दूला पाव शतक झोप घेऊ दिली नाही. तेव्हा ‘बादशाही उर्दू’ हा शब्द मराठी माणसाने कोशातून शिकलेला नाही, तो त्याच्या शेतात येऊन उतरलेला होता. त्या आठवणीमुळे शब्दाबद्दल मनात अढी असेल तर मी ती समजू शकतो. पण अढी छावणीशी असायला हवी, शब्दाशी किंवा भाषेशी नव्हे.

भाषेला हे नाव मिळाले ते फार उशिरा. शाहजहानने १६४८ मध्ये शाहजहानाबादेत, म्हणजे आजच्या जुन्या दिल्लीत, दरबार हलवला आणि त्या शहराला आदराने ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणू लागले. थोर, उच्च अशी उर्दू, म्हणजे राजधानी. शहराची बोली ती ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’. लांबलचक नाव बोलण्यात झिजत गेले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसते ‘उर्दू’ हे भाषेचे नाव दिसू लागले. मुसहफीच्या शायरीत ते त्या अर्थाने येते. त्याआधी तिला हिंदवी म्हणत, हिंदी म्हणत, रेख्ता म्हणत, आणि आपल्याकडे दखनी. म्हणजे नावात छावणी आहे ती दिल्ली शहराच्या पदवीतून आलेली. शिपायांच्या बाजारात पाच-सहा भाषांची खिचडी होऊन ही भाषा जन्मली, ही गोष्ट नाव आधी पाहून मागाहून रचलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तयार झालेल्या पाठ्यपुस्तकी लिखाणाने ती घरोघर पोहोचवली.

खिचडी नव्हे, हे व्याकरणच सांगते. आना, जाना, करना, देखना. मैं, तू, हम. का, की, के. ने, को, से. भाषेचा सगळा सांगाडा दिल्ली-मेरठकडच्या खडीबोलीचा, प्राकृतातून उतरलेला. तुर्की भाषेत क्रियापदाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत जातात, तसले काही उर्दूत औषधालाही नाही. फारसी-अरबी नामे पुष्कळ आली, तशी ती मराठीतही आली. म्हणून कोणी मराठीला छावणीत जन्मलेली म्हणत नाही.

आणि ‘उर्दू’ हे नाव पडण्याच्या कितीतरी आधी ही भाषा आपल्या दख्खनमध्ये ग्रंथांची भाषा झाली होती. बिदरच्या बहमनी काळात पंधराव्या शतकात दखनीत काव्य लिहिले गेले. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सुलतानांनी स्वतः दखनीत कविता केली. औरंगाबादच्या वलीचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, १७२० च्या सुमारास दिल्लीत पोहोचला आणि तोवर फारसीत लिहिण्याला प्रतिष्ठा मानणाऱ्या दिल्लीकर शायरांना आपल्या बोलीत गझल लिहिता येते हे कळले. मराठी कोशात ‘उर्दू’च्या नोंदीत औरंगाबादचे नाव नसावे याचे मला खरेच वाईट वाटते. अभिमानाने सांगायची गोष्ट आपण गाळतो आणि ऐकीव गोष्ट छापतो.

‘मुसलमानांची भाषा’ या शब्दांबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण ते काम सर्वोच्च न्यायालयाने केले आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दूत नाव होते, त्यावरचा वाद दिल्लीपर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तो फलक राहू दिला आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा ही लोकांची आणि प्रदेशाची असते, आणि उर्दू याच भूमीत जन्मली. निकाल वाचताना माझ्या मनात आले की, ज्या मुलाने आपल्या शालेय कोशात ‘मुसलमानांची भाषा’ असे वाचले आहे, तोच मोठा होऊन असल्या फलकाविरुद्ध अर्ज लिहिणार. कोशातली एक ओळ किती दूरवर जाते!

आता त्या ‘[फा.]’कडे येतो. हा प्रश्न एकट्या ‘उर्दू’चा नाही. कोश छोटा करताना तुर्की शब्दांवर सरसकट ‘फा.’ची मोहर मारली जाते, कारण ते आपल्याकडे फारसीतून आले. पण ज्या बैलगाडीतून पाहुणा उतरला ते काही त्याचे गाव नव्हे. ‘चकमक’ घ्या. तुर्कीत ‘चाक-’ म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी आपटणे, त्यावरून चकमक म्हणजे गारगोटी. आजच्या तुर्कस्तानात सिगारेट पेटवायच्या लायटरला चकमकच म्हणतात. मराठीने गारगोटीचा अर्थ ठेवला आणि त्यावर लढाईतली छोटी गाठ हा अर्थ उभा केला. ‘चकमक झडली’ असे आपण म्हणतो, त्या ‘झडण्या’त अजून ठिणग्या आहेत. इतका सुंदर शब्द, आणि कोशात त्याच्या मुळाला जागा नाही. ‘कुमक’ म्हणजे मदत. अझरबैजानपासून उझबेकिस्तानपर्यंत ती थोड्याफार उच्चारभेदाने आजही मदतच आहे. ‘एलची’ म्हणजे ‘एल’चा, राज्याचा माणूस, तुर्कस्तानचे राजदूत आजही एलची. ‘कैची’ही तिकडचीच. ‘तोफ’ तुर्कीतला ‘तोप’, जो तिथे चेंडूही आहे आणि तोफही. आणि माणसाचा धंदा सांगणारा तो ‘-ची’ प्रत्यय! मशालची, बावर्ची, आणि देवळाच्या नगारखान्यातला नगारची. नगारा अरबी, ‘ची’ तुर्की, आणि वाजतो तो देवीच्या आरतीला.

कोणी म्हणेल, परक्या शब्दांची एवढी उस्तवार कशाला, शिवछत्रपतींनी तर राजव्यवहारकोश करवून ते काढायला लावले. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी तो कोश रचला याचा मला अभिमान आहे. पण तो उघडून पाहा. फारसी-तुर्की शब्द आधी एकेक करून, अर्थ नीट समजून मांडले आहेत, मग त्यांना संस्कृत पर्याय दिले आहेत. शब्द घ्यायचा असो की टाकायचा, आधी त्याची ओळख पटवून घ्यावी लागते, हे त्या कोशातच दिसते. माधव त्रिंबक पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि पुढे भाषाशुद्धीचाही कैवार घेतला. ज्ञान आणि आवड-निवड त्यांनी एकमेकांच्या आड येऊ दिली नाही.

जागेची अडचण मी जाणतो. पाने मोजून कागद येतो, कागदावरून किंमत ठरते, आणि शाळेतल्या मुलाला परवडेल असा कोश काढायचा असतो. म्हणून कोणताही ग्रंथ लिहा असे मी म्हणत नाही. ‘तु.’ हे संक्षेपचिन्ह आपल्या संक्षेपांच्या यादीत घालावे. तुर्कीतून फारसीमार्गे आलेल्या शब्दांपुढे ‘तु. > फा.’ असे लिहावे. त्याला अर्धा सेंटिमीटरही लागत नाही. जे कोश आता संगणकावर आणि मोबाइलवर आले आहेत त्यांना तर जागेची सबबच उरलेली नाही. आणि ‘उर्दू’ची नोंद बदलावी. मी एक मसुदा करून पाहिला आहे. बारीक टायपात तो पाच ओळींत बसतो, मी जुळवून पाहिले :

उर्दू (स्त्री.) [तु. ओर्दू = राजाचा निवास, राजाचा गोट > फा.] १ (ऐति.) बादशहाचा तळ, राजधानी. २ दिल्लीच्या ‘उर्दू-ए-मुअल्ला’ या पदवीवरून नाव पडलेली, खडीबोलीच्या व्याकरणाची एक भारतीय भाषा; आधीची नावे हिंदवी, हिंदी, रेख्ता, दखनी. वली औरंगाबादी हा तिचा मोठा आद्य कवी. [याच तु. शब्दापासून : मंगोल ओर्दोन = राजवाडा; तुर्की ओर्दू = सैन्य; इंग्रजी होर्ड = झुंड.]

हवी तशी काटछाट करावी. वलीचे नाव बसत नसेल तर दुसऱ्या ठिकाणी द्यावे, मंगोल आणि इंग्रजीचा कंसही गाळावा लागला तर गाळावा. ‘तु.’ आणि ‘गोट’ मात्र कापू नये, ही विनंती.

आपला,
एक मुद्रितशोधक
अकोला